हजेरीच्या वेळची सम्यक् वाचा



पंचशील आपण वारंवार म्हणतो. विहारात म्हणतो, मंगल परिणयाच्या वेळी म्हणतो, पुण्यानुमोदनाच्या वेळी म्हणतो. त्यातील चौथे शील आले की खोटे बोलायचे नाही एवढा अर्थ मनात घेऊन आपण पाचव्याकडे वळतो. परंतु अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचा एवढ्यावर संपत नाही. खोटे न बोलणे हा तिचा एक भाग झाला. चहाडी करून माणसांत फूट न पाडणे, कठोर न बोलणे आणि निरर्थक बडबड न करणे हे तिचे आणखी तीन भाग आहेत. आज मला त्यातील कठोर बोलण्याविषयी, आणि तेही एका जागेपुरतेच, तुमच्याशी बोलायचे आहे. ती जागा म्हणजे तुमची कामाची जागा.

आपल्या घरांची परिस्थिती आज पुष्कळ बदलली आहे. ज्यांचे आजोबा दुसऱ्याच्या मस्टरवर अंगठा उठवीत होते, त्यांच्या नातवंडांच्या हाती आता मस्टर आले आहे. कोणी मुकादम आहे, कोणी कारखान्यात सुपरवायझर आहे, कोणी मुख्याध्यापिका, कोणी रुग्णालयात वॉर्डाची सिस्टर, कोणी एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रक. कोणी भगिनी बचत गटाची अध्यक्ष आहे. समोर दहा, वीस, पन्नास माणसे उभी असतात आणि आपल्याला त्यांना काही सांगायचे असते. त्या वेळी आपल्या तोंडून कोणती भाषा बाहेर पडते? आपल्या वाडवडिलांना ऐकावी लागली ती, की दीक्षेनंतर आपण शिकलो ती?

दुसऱ्याच्या चुका सांगण्याआधी माझी सांगतो. १९९१ साली एका नगरपालिकेच्या आरोग्य विभागात मी सफाई कामगारांचा मुकादम झालो. माझ्या हाताखाली चोवीस माणसे होती, चौदा बायका आणि दहा पुरुष. त्यांत बौद्ध होते, मातंग होते, मेहतर समाजाचे होते. पहाटे साडेपाचला हजेरी चौकीवर सारे जमत. पहिले काही महिने बरे गेले. मग पावसाळ्यात एके दिवशी सात जण गैरहजर राहिले. नेमका बाजाराचा दिवस होता आणि निरीक्षक साहेबांची फेरी होती. जे हजर होते त्यांच्यापुढे उभा राहून मी पाच-सात मिनिटे तोंड सोडले आणि शेवटी म्हणालो, "तुमची जातच कामचोर."

चौकीत कोणी काही बोलले नाही. माझ्या आईच्या वयाच्या, आमच्याच वस्तीत राहणाऱ्या एक बाई पुढे उभ्या होत्या. कामावर त्या मला मुकादमच म्हणत. त्या दिवशी त्यांनी हातातला खराटा भिंतीला टेकवला आणि विचारले, "कोणची जात म्हनलास रं बाबा? तुजी का माजी?"

मला उत्तर देता आले नाही. मी खाली मान घालून कामे वाटून दिली. परंतु दिवसभर ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिले. ते वाक्य मी बनविलेले नव्हते. माझे वडील गावकी करीत तेव्हा चावडीवर त्यांना तेच ऐकवले गेले होते, आणि लहानपणी मी ते माझ्या कानांनी ऐकले होते. कित्येक वर्षांनी ते जसेच्या तसे माझ्या तोंडून निघाले, आणि तेही माझ्याच माणसांवर! आणखी एक गोष्ट मला संध्याकाळी उमगली. गैरहजर राहिलेले सात जण ते ऐकायला चौकीत नव्हतेच. भर पावसात येऊन ज्यांनी हजेरी लावली त्यांनाच मी कामचोर ठरवले होते.

समुदायाला उद्देशून बोलताना ही चूक फार वेळा होते. एकाने केलेले असते आणि आपण "तुम्ही सगळे" म्हणून सुरुवात करतो. ज्याने केले तो गर्दीत लपतो. ज्याने केले नाही त्याला मात्र ते लागते, आणि उद्यापासून तोही म्हणतो, करून न करून बोलणे सारखेच आहे तर करा कशाला?

आता तरुण वाचक येथे मला थांबवतील. ते म्हणतील, काका, नीट बोला, गोड बोला हा उपदेश आम्हालाच का? "जोहार मायबाप" म्हणत आपल्या पिढ्यान् पिढ्या गोडच बोलत आल्या, आणि त्याचे फळ काय मिळाले? मवाळ भाषा ही गुलामाची भाषा नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जोहाराच्या मागे भय होते. वर बसलेल्याची मर्जी राखण्यासाठी ते बोलणे होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक् वाचा समजावताना याच ठिकाणी बोट ठेवले आहे. सम्यक् वाचा भीतीपोटी किंवा कोणाची कृपा मिळावी म्हणून पाळायची नाही, वरिष्ठाला काय वाटेल याच्याशी तिचा संबंध नाही, आणि तिच्यामुळे आपले नुकसान होईल काय याचाही हिशेब करायचा नाही, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे साहेबापुढे मऊ आणि हाताखालच्यापुढे कठोर, ही जी भाषा कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून सर्रास चालते, तिच्या दोन्ही टोकांना भयच आहे. जो वर "जी साहेब" म्हणतो तोच खाली "ए" म्हणतो. मी त्या दिवशी निरीक्षकांना भ्यालो होतो, म्हणून माझ्या माणसांवर ओरडलो.

आणि नुसता गोड शब्द म्हणजे सम्यक् वाचा नव्हे, हे तर आपल्या चळवळीने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. 'हरिजन' हा शब्द ऐकायला किती गोड! देवाची माणसे! १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात तो शब्द घालण्याचा प्रश्न आला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि बाबासाहेबांसह पक्षाचे सभासद सभागृहातून निघून गेले. नाव गोड ठेवले तरी पाणवठा मोकळा होत नाही, एवढा त्याचा अर्थ. आजही पहा. पुष्कळ कंपन्यांत कामगाराला कामगार म्हणत नाहीत, "आपल्या परिवारातील सदस्य" म्हणतात. परिवारातील हा सदस्य ठेकेदाराच्या कागदावर असतो आणि भविष्य निर्वाह निधीचा विषय काढला की दुसऱ्या दिवसापासून तो परिवारात नसतो.

तेव्हा गोड की कडू हा प्रश्न बाजूला ठेवू. तथागतांनी वाणीकडे कसे पाहिले ते पाहू.

विनयपिटकात भिक्षूंसाठी पाचित्तिय नावाचे नियम आहेत. त्यांतील दुसरा नियम दुसऱ्याला टोचून, हिणवून बोलण्याविरुद्ध आहे. माणसाला कशाकशावरून हिणवले जाते याची तेथे दहा कलमे दिली आहेत. जन्मावरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून, कसबावरून, रोगावरून, शरीराच्या ठेवणीवरून, मनाच्या विकारांवरून, घडलेल्या अपराधावरून आणि निव्वळ शिवी म्हणून. ही यादी वाचा आणि तुमच्या कामाच्या जागी गेल्या आठवड्यात कोण कोणाला काय बोलले ते आठवा. एकही कलम रिकामे राहणार नाही. हीन समजल्या जाणाऱ्या कामांत तेथे सुकलेली फुले झाडून टाकणाऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे आमच्याच धंद्याची माणसे. थेरगाथेत ज्यांच्या गाथा आहेत ते सुनीत थेर हेच काम करीत होते. राजगृहात त्यांना भगवंतांनी ज्या साध्या शब्दांनी "ये भिक्षू" म्हणून संघात घेतले, त्याच शब्दांनी त्यांनी उच्च कुळातील माणसांनाही घेतले. सुनीतांसाठी वेगळा, कनवाळू शब्द त्यांनी शोधला नाही.

आपल्या देशात १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरतो. पण तो कायदा या जाती-जमातींबाहेरच्या माणसाला लागू होतो. १९९१ साली मी माझ्या टोळीला जे बोललो त्याबद्दल त्या कायद्याने मला कोणी धरले नसते. विनयाच्या त्या कलमांत मात्र मी पहिल्याच कलमाखाली सापडतो.

हा नियम समजावताना जी कथा सांगितली जाते ती जातकातही आहे. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाने नंदिविशाल नावाचा बैल वासरापासून वाढवला होता. खाऊ-पिऊ घातल्याचे ऋण फेडावे असे बैलाच्या मनात आले. तो मालकाला म्हणाला, एखाद्या श्रेष्ठीशी हजार नाण्यांची पैज लावा, मी शंभर भरलेल्या गाड्या एकामागे एक जोडून ओढीन. पैज लागली. वाळू, खडी आणि दगडांनी शंभर गाड्या भरल्या, एकीला एक बांधल्या. ब्राह्मण धुरेवर बसला, आसूड उगारला आणि ओरडला, ओढ रे लबाडा, चल रे लबाडा! बैलाने चारी पाय खांबासारखे रोवले आणि तो तसाच उभा राहिला. ब्राह्मण हजार नाणी हरला आणि घरी येऊन पडून राहिला. तेव्हा बैलाने विचारले, इतकी वर्षे तुमच्या घरी आहे, मी कधी मडके फोडले काय? कोणाला शिंग मारले काय? नको तेथे घाण केली काय? मग मला लबाड का म्हणालात? हा दोष तुमचा आहे, माझा नाही. आता दोन हजारांची पैज लावा आणि मला तसे बोलू नका. ब्राह्मणाने तसे केले, पाठीवर हात फिरवून भल्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारली, आणि शेवटची गाडी पहिली होती तेथे येऊन उभी राहिली.

मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे आणि पुष्कळजण ती तेवढ्यावर सोडतात. माझे मन मात्र बैलाच्या त्या प्रश्नावर अडते. मडके फोडले काय? शब्द कठोर आहे एवढीच त्याची तक्रार नाही. शब्द खोटा आहे ही त्याची तक्रार आहे. ज्याने कधी लबाडी केली नाही त्याला लबाड म्हटले. त्या बाईंनी मला जे विचारले तेही याच जातीचे होते. त्यांची त्या वर्षातली एकही गैरहजेरी नव्हती.

या कथेत मला एक गोष्ट खटकते, तीही सांगून टाकतो. मालक मंडळींना ही कथा फार आवडेल. पाठीवर हात फिरवा आणि शंभर गाड्या ओढून घ्या! हल्ली "सकारात्मक बोलणे" शिकवणारे वर्ग भरतात, जाडजूड फी घेतात, आणि पुष्कळदा याहून अधिक काही शिकवत नाहीत. म्हणून ही कथा एकटी वाचू नये, तिच्यासोबत सिगालोवाद सुत्त वाचावे. मालकाने सेवकांसाठी काय करावे ते तथागतांनी तेथे सांगितले आहे. ज्याच्या अंगात जेवढे बळ तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड असेल त्यात वाटा द्यावा, वेळ झाली की सुट्टी द्यावी. या पाचांत गोड बोलावे हे वेगळे सांगितलेलेही नाही. ज्याने ही पाच कामे केली त्याचे बोलणे माणसे ऐकून घेतात, आणि ज्याने केली नाहीत त्याने जिभेला कितीही मध लावला तरी माणसांच्या ते लक्षात येते. तुमच्या हातात पगार वाढवणे नसेल. परंतु रजेचा अर्ज दाबून न ठेवणे, हातमोजे आणि गमबूट आले की नाही याचा पाठपुरावा करणे, गरोदर बाईला हलके काम देणे, हे मुकादमाच्याही हातात असते.

आता प्रत्यक्ष बोलावे कसे? मज्झिमनिकायात अरणविभंग नावाचे एक सुत्त आहे. अरण म्हणजे जेथे तंटा नाही ते. त्यात भगवंतांनी भिक्षूंना लोकांपुढे बोलण्याची रीत सांगितली आहे आणि ती मला चौकीवर जेवढी उपयोगी पडली तेवढे दुसरे काही पडले नाही. माणसांची स्तुतीही करू नये, निंदाही करू नये, वस्तुस्थिती सांगावी, असे ते म्हणतात. जे असे वागतात ते सारे चुकलेले आहेत, असे म्हटले की माणसांची निंदा होते. असे वागणे हे दुःखाचे मूळ आहे, असे म्हटले की धम्म सांगितला जातो. ऐकणाऱ्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही, म्हणून तो ऐकतो.

मी हे चौकीच्या भाषेत उतरवण्याचा प्रयत्न केला. "तुम्ही बाजारपेठ कधी नीट झाडत नाही" याऐवजी, "मटण मार्केटच्या मागची गल्ली काल राहिली, आज तिथून सुरुवात करू." "उशीर करू नका" याऐवजी, "सहाला गाडी सुटते, पावणेसहाला हजेरी बंद होईल." पहिल्या वाक्यात माणूस आहे, दुसऱ्यात गल्ली आहे. गल्लीला राग येत नाही. नुसते "करू नका, करू नका" म्हटल्याने काय करायचे ते कोणालाच कळत नाही, हेही मला पुष्कळ उशिरा समजले. आणि ज्याच्याशी खरेच बोलायचे असेल त्याला बाजूला घेऊन बोलावे. चौघांत केलेली कानउघाडणी त्याला सुधारत नाही, ती बाकीच्यांसाठी तमाशा होते.

हाक मारणे ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते. आपल्या माणसांची नावे गावात कशी तोडली जात हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. गणपतचा गण्या, सखारामचा सख्या, आणि तेही शेंबड्या पोराने म्हणायचे. माझ्या चौकीवर मस्टर वाचताना मीही तसेच वाचत होतो, सवयीने. मग पूर्ण नाव आणि पुढे राव, ताई किंवा मावशी लावून वाचू लागलो. पहिल्या दिवशी सगळे हसले. एकाने तर मागे वळून पाहिले, हे गणपतराव कोण आले म्हणून! आठवड्याने हसणे थांबले. मात्र "मावशी" म्हणून दोन पाट्या जादा उचलायला लावणारेही मी पाहिले आहेत, तेव्हा नात्याच्या शब्दाचाही धाक वाटू द्या.

त्याच सुत्तात आणखी दोन बारीक सूचना आहेत. घाईघाईने बोलू नये, कारण त्याने अंग शिणते, घसा दुखतो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. आणि आपल्याच मुलुखातल्या शब्दाचा हट्ट धरू नये. एकाच भांड्याला वेगवेगळ्या मुलुखांत वेगवेगळी नावे आहेत, तेथे जे चालते ते वापरावे. आज बांधकामावर बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातील माणसे येतात. आपण घमेले म्हणतो, उत्तरेकडचे तसला म्हणतात. तो घमेले आणत नाही म्हणून त्याला अडाणी म्हणणारा सुपरवायझर माझ्या नात्यातलाच आहे. बौद्ध आहे, दर पौर्णिमेला विहारात येतो. (आणि विहार समितीच्या सभेत आपण एकमेकांशी जे बोलतो त्याबद्दल मी येथे काही लिहीत नाही. संपादकांनी जागा मोजून दिली आहे.)

हे सगळे शांत दिवशी जमते. सात गैरहजर आणि साहेबांची फेरी असलेल्या दिवशी जमते काय, हा खरा प्रश्न. ककचूपम सुत्तात श्रावस्तीच्या वेदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट आहे. तिची ख्याती मोठी सौम्य बाई म्हणून होती. तिची दासी काली कामात चोख. कालीच्या मनात आले, बाई खरोखर सौम्य आहेत, की माझी कामे वेळेवर होतात म्हणून त्यांचा राग दिसत नाही? म्हणून ती एक दिवस उशिरा उठली. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा, तेव्हा बाई तोंडाने बोलल्या. तिसऱ्या दिवशी बाईंनी दाराचा अडसर घेऊन तिच्या डोक्यात घातला आणि काली रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांना दाखवत सुटली, पहा सौम्य बाईंची करणी! आपण बौद्ध झाल्यामुळे सौम्य झालो असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या घरी किंवा हाताखाली काली आहे हे विसरू नये. मी पुढेही दोन-तीनदा ओरडलो आहे. एवढेच झाले की दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी, ज्यांच्यासमोर ओरडलो त्यांच्याचसमोर, काल माझे चुकले असे म्हणायला शिकलो. एकट्याला गाठून मागितलेली माफी स्वस्तात पडते.

आता शेवटची आणि मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट. चांगले बोलावे म्हणजे अप्रिय बोलूच नये काय? राजगृहाच्या अभय राजकुमाराने भगवंतांना हाच पेच घातला होता. दुसऱ्याला न आवडणारे शब्द तथागत बोलतात की नाही? होय म्हटले तरी अडचण, नाही म्हटले तरी अडचण. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय कराल? राजकुमार म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त निघाले तरी काढीन, कारण मला त्याची कणव आहे. तेथेच उत्तर मिळाले. जे खरे नाही ते प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे आहे ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलतात. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचे मांस सोडा म्हणून जे सुनावले ते कोणाला गोड लागले असेल? तो घशातला खडा होता.

मी हे पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ मला २०१५ च्या मे महिन्यात कळला. पावसाळ्यापूर्वीची कामे चालू होती आणि एका चौकात गटाराचे चेंबर तुंबले होते. माझ्याबरोबर चार माणसे होती. मैला ओढणारी गाडी दुसऱ्या गावी गेली होती. जागेवर आलेले साहेब फार गोड बोलणारे होते. त्यांनी कधी कोणाला अरे म्हटलेले मी ऐकले नव्हते. त्यांनी चौघांच्या खांद्यावर हात ठेवले आणि म्हणाले, "ही आमची वाघ माणसे आहेत. पाच मिनिटांचे काम आहे. काही होत नाही. संध्याकाळी मी स्वतः चहा पाजतो." चौघांच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते मी पाहिले. वाघ म्हटलेले त्यांना आयुष्यात कितीदा मिळाले असेल? त्यांतला धाकटा तर शर्टाची बटणे काढू लागला.

तुंबलेल्या चेंबरमध्ये जो वायू साठतो त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरणाऱ्याला वाटते वायू गेला, आणि त्याच वेळी तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रात तिघे-चौघे एकाच टाकीत मेल्याच्या बातम्या येतात त्या अशा घडतात. अशा गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असा निकाल दिला. पुढे २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख झाली. त्या चौकात मला यातले २०१४ पर्यंतचे ठाऊक होते, साहेबांनाही ठाऊक असावे.

मी माझ्या माणसांना म्हणालो, "गणपतराव, शर्ट घाला. कोणीही उतरायचे नाही." "नका"पेक्षा "करा" म्हणावे असे मी इतकी वर्षे शिकलो होतो आणि त्या दिवशीचे माझे सगळे बोलणे "नाही" या शब्दाचे होते. साहेबांना मी आवाज न चढवता सांगितले की आत वायू आहे, तो वासाने ओळखता येत नाही, आपल्याकडे श्वासाचे साधन नाही आणि गाडी आल्याशिवाय हे काम होणार नाही. ते हसून म्हणाले, मुकादम, तुम्ही माणसांचे मनोधैर्य खच्ची करता. धाकटाही माझ्यावर नाराज झाला. इतर तिघे गप्प होते. मी चेंबरचे झाकण बसवून घेतले, भोवती दगड आणि लाल फडके बांधलेली काठी लावली आणि मस्टरवर काम का झाले नाही ते वेळेसह लिहून सही केली.

चौक तीन दिवस घाण पाण्यात होता. दुकानदारांनी मला नावे ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी गाडी आली.